जुनी मोटरबोट मोसमासाठी कशी तयार करावी?
वऱ्हाडातील मिस्त्री, वेल्डर, फायबर कारागीर आणि नौकाविहाराचे ठेके घेणाऱ्या बांधवांसाठी

अमरावती आणि अकोला म्हटले की डोळ्यांसमोर कापूस, जिनिंग, संत्री आणि सुकलेल्या नद्या येतात. मोटरबोट येत नाही. पण चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर पर्यटक वर्षानुवर्षे नौकाविहार करीत आले आहेत. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण, महानचे काटेपूर्णा, तेल्हारा तालुक्यातले वान असे मोठे जलाशय आपल्या दोन जिल्ह्यांत आहेत. जिथे रीतसर परवानगी मिळते, तिथे सहल करविण्याचा धंदा उभा राहू शकतो. नवी बोट घेणे सर्वांना परवडत नाही. म्हणून किनाऱ्यावरची किंवा दुसऱ्या ठेकेदाराने वापरलेली जुनी बोट ट्रकवर घालून आणली जाते, आणि तिची दुरुस्ती करण्यासाठी आपल्याच वस्तीतल्या मिस्त्रीला बोलावणे येते.

हे काम आपल्या कारागिरांना अवघड नाही. ऑइल इंजिन आणि मोटारसायकल खोलणारा हात आउटबोर्ड इंजिनही खोलू शकतो. फायबरच्या टाक्या आणि पत्रे करणारा हात बोटीचा तळही सांधू शकतो. परतवाड्याच्या लाकूडबाजारात वाढलेल्या सुताराला सागाची पारख शिकवायला नको. फरक एवढाच की मोटारसायकल बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. बोट बंद पडली किंवा फुटली तर उभे राहायला जागा नसते.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका ठेकेदाराने जुनी फायबरची बोट आणली. मिस्त्रीशी त्याची गाठ आम्हीच घालून दिली. दिवाळी तोंडावर होती. ठेकेदार म्हणाला, "चाचा, इंजिन चालू आहे. फक्त रंग मारून द्या, बोट नवी दिसली पाहिजे." म्हाताऱ्या मिस्त्रीने मागच्या फळीवर हातोडी वाजवली आणि म्हणाला, "बेटा, रंग नंतर. ही फळी आतून बोलत नाही." ठेकेदाराला घाई होती. आम्हीही मध्ये पडून म्हणालो, "यंदा रंग मारून द्या, पुढच्या वर्षी फळी पाहू." मिस्त्रीने नाइलाजाने रंग दिला.

चौथ्या दिवशी काठाजवळच इंजिन मागे कलले, फळी उकलली आणि पाणी आत शिरले. तिथे पाणी कमरेएवढेच होते, म्हणून सर्वजण ओल्या कपड्यांनी का होईना, घरी गेले. पण बाजारात लोकांनी ठेकेदाराला विचारले नाही की घाई कोणी केली. त्यांनी विचारले, "बोट दुरुस्त कोणी केली होती?" मिस्त्रीचे नाव खराब झाले. त्यात आमचाही वाटा होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

काम केव्हा सुरू करावे?

दिवाळीच्या आठ दिवस आधी हातात घेतलेली बोट चांगली होत नाही. मृगाच्या आधी बोट पाण्याबाहेर काढावी, इंजिन उतरवून कोरड्या जागी उभे टांगावे आणि बोट पालथी घालून छपराखाली ठेवावी. पालथी घालणे शक्य नसेल तर तळाचा पाणी काढण्याचा बूच उघडा ठेवावा. सप्टेंबरच्या अखेरीस तपासणी करावी आणि ऑक्टोबरच्या उन्हात फायबरचे काम उरकावे. बोट पूर्ण वाळल्याशिवाय फायबर चिकटत नाही. किनाऱ्यावर दमट हवेमुळे बोट वाळायला फार दिवस लागतात. आपल्याकडे पाऊस थांबल्यावर कोरडे ऊन मिळते. वऱ्हाडच्या कारागिराला मिळालेला हा मोठा फायदा आहे, तो दवडू नये.

बोट घेताना किंवा दुरुस्तीला घेताना

पहिले काम वजनाचे. बोट ट्रॉलीसह वजनकाट्यावर न्यावी, मग रिकाम्या ट्रॉलीचे वजन वजा करावे. बनविणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा बोट खूपच जड भरली, तर दोन तळांमधल्या फोममध्ये किंवा लाकडात पाणी मुरले आहे असे समजावे. असा फोम बोटीला तारणार नाही. तो काढूनच टाकावा लागतो.

दुसरे काम कानाचे. प्लास्टिकची हातोडी किंवा नाणे घेऊन सगळा तळ वीत-वीत अंतरावर ठोकून पाहावा. चांगले फायबर टणक वाजते. थर सुटले असतील तिथे बद्द आवाज येतो. त्या जागेवर खडूने खूण करावी. इंजिन टांगण्याच्या मागच्या फळीकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे. या फळीत बहुधा फायबरच्या आत प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजते, वरून मात्र काही दिसत नाही. इंजिन लावून त्याचा खालचा भाग हाताने मागे-पुढे ढकलावा. फळी हलताना दिसली किंवा बोल्टभोवती तपकिरी पाणी गळताना दिसले, तर फळी बदलल्याशिवाय दुसरे काहीच करू नये.

बोट लोखंडी असेल तर पाण्याच्या रेषेजवळ आणि आत पाणी साचते त्या कोपऱ्यात पत्रा जास्त खातो. गंज खरवडून टोकदार हातोडीने ठोकावे. पत्रा दबला तर तेवढा भाग कापून नवा जोडावा. गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ लावून वेल्डिंग करणे म्हणजे पुढच्या मोसमाचे भोक आजच तयार करणे होय. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात आणि पेट्रोलची टाकी बोटीतून उतरवून लांब ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते.

फायबर सांधण्याची रीत

फुटलेल्या जागेवर नुसता वरून तुकडा चिकटवू नये. खराब भाग घासून काढावा आणि कडा उतरत्या कराव्यात. उताराचे माप जाडीच्या बारापट ठेवावे. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर चारही बाजूंनी ६० मिलिमीटर उतार घ्यावा. मग काचेच्या मॅटचे थर एकावर एक बसवावेत आणि रोलरने हवा काढावी. दुधासारखा पांढरा ठिपका दिसला तर तिथे हवा राहिली आहे किंवा राळ कमी पडली आहे.

पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर सामान्यपणे १ ते २ टक्के घालतात, म्हणजे एक किलोला १० ते २० ग्रॅम. आपल्या उन्हात एक टक्क्याच्या जवळ राहावे, पण त्याखाली जाऊ नये; नाही तर रेझिन पूर्ण पिकत नाही. एका वेळी थोडाच माल कालवावा आणि काम सकाळी करावे. कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत सरळ मिसळू नयेत, त्याने भडका किंवा स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण कालवावा, नंतरच दुसरा घालावा. घासकाम करताना तोंडावर चांगला मास्क बांधावा. काचेची धूळ फुप्फुसासाठी वाईट असते. हे शागीर्दांनाही बजावावे.

इंजिनाची तपासणी

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन खोलावे लागेल. हे सौदा करण्यापूर्वीच पाहावे.

आउटबोर्ड इंजिन तलावाच्याच पाण्याने थंड होते. हे पाणी वर ओढणारा रबरी इंपेलर खालच्या भागात असतो. त्याच्या पाकळ्या वाकून कडक झाल्या की पाणी येत नाही आणि इंजिन जाम होते. जुन्या बोटीत तो न पाहताच बदलावा. त्याची किंमत इंजिनाच्या मानाने काहीच नाही. इंजिन कोरडे कधीही सुरू करू नये, काही सेकंदांतच इंपेलर जळू लागतो. मोठा पिंप पाण्याने भरून त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवावा आणि न्यूट्रलमध्ये हळू चालवावे. बाजूच्या छिद्रातून पाण्याची सलग धार पडली पाहिजे. जलपर्णी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली की ही धार तुटते. म्हणून चालकाने सहल सुरू असतानाही मधून मधून तिच्याकडे पाहण्याची सवय लावावी.

खालच्या गिअर ऑइलचा बूच उघडावा. तेल दुधाळ निघाले तर ऑइल सील गेले आहे. पंखा काढून त्यामागे मासेमारीचा दोरा गुंडाळला आहे का ते पाहावे. हा दोराच सील कापतो. पंख्याच्या कडा खांडल्या असतील तर समान कराव्यात, नाही तर इंजिन थरथरते आणि बेअरिंग खाते. पंखा बसविताना नवीन स्प्लिट पिन घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे ही खोटी बचत आहे.

किनाऱ्यावरून आलेल्या बोटीच्या इंजिनावर झिंकचे तुकडे लावलेले असतात. खाऱ्या पाण्यात ते आधी झिजतात आणि इंजिनाचे ॲल्युमिनियम वाचवितात. आपल्या गोड्या पाण्यात झिंक नीट काम करीत नाही, तिथे मॅग्नेशियमचे तुकडे लावावेत. त्यांच्यावर रंग मात्र देऊ नये.

चिखलदऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि कार्बोरेटरच्या इंजिनाला पेट्रोल जास्त मिळते. प्लग काळे पडतात, धूर होतो. खाली अकोल्यात उत्तम चाललेले इंजिन वर नेल्यावर सुस्त झाले, तर मिस्त्रीला दोष देऊ नये. कार्बोरेटर वर नेऊनच जुळवावा आणि गरज पडल्यास कमी पिचचा पंखा लावावा.

पेट्रोल आणि तेल

आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले आणि २०२५ सालापर्यंत ते २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या आउटबोर्ड इंजिनांच्या बनावटीत एवढे इथेनॉल धरलेले नव्हते. ते जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि फायबरच्या जुन्या टाक्या खराब करते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. फार पाणी शिरले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर साचतो आणि इंजिन नेमका तोच ओढते. टू-स्ट्रोक इंजिनात त्या थराबरोबर पुरेसे तेल जात नाही, म्हणून पिस्टन घासतो.

उपाय साधे आहेत. नळ्या, हातपंपाचा फुगा आणि कार्बोरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारे घालावेत. पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा. पेट्रोल थोडे-थोडे ताजे आणावे. मोसम संपताच टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

टू-स्ट्रोक इंजिनात मोटारसायकलचे तेल घालू नये, पाण्याने थंड होणाऱ्या बोट इंजिनाचे खास तेल मिळते. प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावे. पन्नासास एक असे लिहिले असेल तर पाच लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर तेल होते. अंदाजाने ओतू नये.

संथ सैर, कमी खर्च

पर्यटक कुटुंबाला पाण्यावर शांत फिरायचे असते, शर्यत लावायची नसते. इथे हिशेब समजून घ्यावा. साध्या बोटीचा आरामाचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. १६ फूट लांबीला तो ताशी सुमारे १० किलोमीटर येतो. त्यापुढे वेग थोडा वाढविण्यासाठी पेट्रोल पुष्कळ जाळावे लागते. २५ अश्वशक्तीचे जुने टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण जोरात तासाला नऊ-दहा लिटर पेट्रोल पिते. तेच संथ चालविले तर निम्म्याहूनही कमी लागते. म्हणजे सहल शांत, इंजिनाचे आयुष्य जास्त आणि नफाही जास्त. मोठे इंजिन लावून जुन्या फळीवर भार टाकण्याचे कारणच नाही. पेट्रोलचे तीन भाग करावेत: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक अडचणीसाठी.

किती माणसे बसवावीत?

हा प्रश्न धंद्याचा नाही, जिवाचा आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, वरुड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे २२ जण गेले. ती मासेमारीची बोट बदलून पर्यटकांची केलेली होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तलाव शांत आहे, किनारा दिसतो आहे, म्हणून धोका नाही असे समजणाऱ्यांनी हरणी आठवावे.

बोटीवर बनविणाऱ्याची क्षमतेची पाटी नसेल तर अंदाजासाठी एक जुना ठोकताळा आहे. लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागावे. १८ फूट लांब आणि ६ फूट रुंद बोट असेल तर १०८ भागिले १५, म्हणजे चालकासह ७ माणसे. हा शांत हवेतला आकडा आहे. तपासणी अधिकाऱ्याने कमी आकडा दिला तर तोच अंतिम.

दुरुस्तीनंतर पहिली फेरी माणसांची नव्हे, वाळूच्या पोत्यांची करावी. सात माणसांचे वजन ७५ किलोप्रमाणे ५२५ किलो होते, म्हणजे ५० किलोची अकरा पोती. ती तळाशी न ठेवता बाकांवर ठेवावीत, कारण माणसे बाकांवर बसतात. मग सर्व पोती एका बाजूला सरकवून बोट किती कलते ते उथळ पाण्यात पाहावे. फोटो काढायला सगळे एका बाजूला धावतात तेव्हा हेच घडते. ठेकेदाराने वर मजला किंवा जड छत मागितले तर कारागिराने स्पष्ट नकार द्यावा. वरचे वजन वाढले की बोट उलटणे सोपे होते.

आपल्या जलाशयांचे स्वभाव

दिवाळीला तुडुंब असलेले धरण मे महिन्यात खूप खाली जाते. पाण्याखालची झाडांची खोडे, खडक, जुन्या बांधांचे दगड वर येऊ लागतात. नोव्हेंबरमधली वाट एप्रिलमध्ये सुरक्षित नसते. दर पंधरवड्याला काठीने खोली मोजून खुणा बदलाव्यात. स्थानिक भोई बांधवांना त्या पाण्याची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते. त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर वावधन अचानक सुटते. आकाश काळवंडले की बोट काठाला लावावी, भाडे परत करावे.

आणखी एक गोष्ट. अमरावती शहर अप्पर वर्ध्याचे आणि अकोला शहर काटेपूर्णाचे पाणी पिते. बोटीच्या तळातले तेलकट पाणी तलावात उपसणे म्हणजे आपल्याच घागरीत तेल ओतणे आहे. ते डब्यात जमा करून बाहेर न्यावे. इंधन भरणे आणि तेल बदलणे काठापासून दूर करावे.

कागद आणि सामान

१९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा आणि लायक चालक असणे त्यात अभिप्रेत आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. त्याशिवाय जलाशय ज्या खात्याचा आहे त्याची परवानगी लागते, आणि अभयारण्य असेल तर वन खात्याची. बोट विकत घेण्यापूर्वीच जुने कागद पाहावेत. कागदाशिवाय स्वस्त मिळालेली बोट महागात पडते.

प्रत्येक प्रवाशामागे एक लाइफ जॅकेट, मुलांसाठी लहान मापाचे वेगळे. जुनी जॅकेट पाण्यात टाकून, दाबून, पट्टे ओढून तपासावीत. फोम कडक किंवा चुरा झाला असेल तर फेकावे. त्याशिवाय दोरीसह तरंगते कडे, अग्निशामक नळकांडे, नांगर, दोन वल्ही, बादली, शिटी आणि टॉर्च बोटीत असलेच पाहिजेत. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली असावी.

पैसे कोठे घालावेत?

पैसा कमी असेल तर क्रम असा ठेवावा: आधी तळ आणि मागची फळी, मग इंजिन आणि इंधनाच्या नळ्या, मग सुरक्षेचे सामान आणि कागद, आणि सर्वात शेवटी रंग. आमच्या त्या ठेकेदाराने हाच क्रम उलटा केला होता आणि आम्ही त्याला साथ दिली होती.

कारागीर बांधवांना आमची सूचना आहे की काम घेताना दोन प्रतींत यादी करावी. काय तपासले, काय बदलले आणि मालकाने काय करू दिले नाही, हे तिच्यात लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मालक सही करायला नाही म्हणाला तर काम सोडून द्यावे. एका बोटीची मजुरी जाईल, पण नाव राहील. ठेकेदार बांधवांनीही अशा मिस्त्रीवर रागावू नये. जो कारागीर "रंग नंतर" म्हणतो, तो आपला नफा अडवीत नसतो. आपल्या बोटीत बसणारी परक्यांची लेकरे ही आपल्याजवळ तासाभराची अमानत असते, आणि ती सुखरूप काठाला परत लावणे हाच या धंद्याचा पहिला हिशेब आहे.

तो म्हातारा मिस्त्री आजही काम करतो. बोट आली की तो आधी हातोडी घेतो आणि मागच्या फळीपाशी कान लावतो. आम्ही आता मध्ये बोलत नाही.